रात्री कुठे झोपला होतास?

‘चुका मोजायला लागलात तर उद्या एकही डॉक्टर सीरियस पेशंटला हात लावणार नाही.’

आमच्या संघटनेच्या जिल्हा बैठकीत एका ज्येष्ठ सर्जननी हे वाक्य उच्चारलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या चुकांची नोंद ठेवावी की नाही, हा विषय होता. सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सर्जन आज तीन जिल्ह्यांत आहेत, माझ्या वडिलांचं ऑपरेशनही त्यांनीच केलं होतं. त्या दिवशी मी उठून बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते आज लिहून काढते आहे.

सरांचं म्हणणं असं. माणूस चुकतो, डॉक्टरही माणूसच आहे. निदान म्हणजे बेरीज-वजाबाकी नव्हे, दहा आजार एकाच लक्षणाने दारात येतात. आपल्या चुका आपणच वहीत उतरवल्या तर ती वही उद्या वकिलाच्या हातात जाईल, परवा चॅनेलवर दिसेल आणि मग जमाव दारात येईल. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याला कोर्ट आहे, ग्राहक आयोग आहे. आणि रोज दीडशेची ओपीडी काढणाऱ्याने या नोंदी करायच्या कधी? जगात कुठला सर्जन स्वतःच्या चुका छापतो, असंही त्यांनी विचारलं.

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. माणूस चुकणारच असेल, तर चुका होणार हे धरूनच वॉर्ड चालवायला हवा. आपण मात्र भाषणात ‘चूक होणारच’ म्हणतो आणि वॉर्डात ती कधी झालीच नाही असं वागतो. शिवाय ही सवलत आपण कुणाला देतो तेही बघा. सिस्टरकडून इंजेक्शनची वेळ चुकली की मेमो निघतो. वॉर्डबॉय सिलिंडर बदलायला विसरला की त्याचा पगार कापला जातो. माणूस म्हणून क्षमा फक्त डॉक्टरला, हे न्यायाचं नाही.

अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ साली एक अहवाल काढला, त्याच्या नावाचा अर्थच ‘चुकणं मानवी आहे’ असा होता. तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं दगावतात, असा अंदाज त्यात मांडला होता. त्या आकड्यांवर तिथेच पुष्कळ वाद झाला, आणि ते उचलून आपल्याकडे लावणं मलाही पटत नाही. पण चुकणं मानवी आहे यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरांच्या निष्कर्षाच्या बरोबर उलटा होता: माणसाच्या हातून चूक झाली तरी ती रुग्णापर्यंत पोचू नये, अशी व्यवस्था बांधा.

व्यवस्था म्हटलं की लोकांना कोट्यवधींची यंत्रं आठवतात. माझ्याच वीस खाटांच्या हॉस्पिटलमधली एक रात्र सांगते. अडीच-तीन वाजले होते. उलट्या-जुलाबांनी पार गळून गेलेली एक बाई दाखल होती, सलाइन चालू होतं. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला मी ट्रेमधून ॲम्प्युल उचलली, तोडली, सिरिंजमध्ये ओढायलाही लागले. सिस्टरनी माझं मनगट धरलं. ‘मॅडम, हे पाणी नाही.’

ती पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल होती. दहा मिलीचीच, पाण्यासारखीच, शेजारी ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलएवढीच. फरक काय तो छापलेल्या अक्षरांचा, आणि रात्रीच्या बल्बखाली ती अक्षरं डोळ्यांजवळ धरल्याशिवाय लागत नव्हती. पोटॅशियम बाटलीत मिसळून हळूहळू द्यायचं असतं. ते तसंच एकदम शिरेत गेलं असतं तर त्या बाईचं हृदय माझ्या डोळ्यांदेखत थांबलं असतं. सकाळी आम्ही पोटॅशियमच्या सगळ्या ॲम्प्युल ट्रेमधून हलवल्या, वेगळ्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि त्या खोक्याला लाल चिकटपट्टी लावली. एवढीच व्यवस्था. खर्च चिकटपट्टीचा.

पण ही गोष्ट मी कुठल्याही वहीत लिहिली नाही, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला सांगितली नाही. त्या रात्री आमच्या तालुक्यातल्या आणखी किती ट्रेमध्ये या दोन ॲम्प्युल शेजारी पडलेल्या होत्या, ते मला माहीत नाही. आणि किती ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरला सर्जनचं मनगट धरायची मुभा आहे, ते मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

आता कोर्टाचं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३मध्ये एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप आला, पोट दुखायला लागलं, दिवसेंदिवस तब्येत उतरत गेली. दुसऱ्या सर्जननी पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत रक्त टिपायचा मॉप राहिलेला सापडला. बाई वाचली नाही. बाळ दोन आठवड्यांचं होतं. खालच्या कोर्टाने नवऱ्याला आणि मुलांना ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयात तो निकाल फिरला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला तेव्हा १९९६ साल उजाडलं होतं. तेहतीस वर्षं. कोलकात्यात १९९८ साली त्वचेच्या आजारात स्टेरॉइडच्या चुकीच्या मात्रेनंतर पत्नी गमावलेल्या माणसाला २०१३ साली सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मिळाली. तो माणूस स्वतः डॉक्टर होता, अमेरिकेत राहत होता, म्हणून पंधरा वर्षं तग धरू शकला. आमच्याकडे एसटीने येणारा माणूस कोणत्या बळावर लढणार?

आणि लढून जिंकला तरी कोर्ट फार तर भरपाई देईल. कोर्ट मॉप मोजत नाही. मॉप मोजते ती थिएटरची सिस्टर. पोट शिवायला घेण्याआधी ती मोठ्याने मोजते, आकडा जुळला नाही तर सर्जनला थांबावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची जी यादी काढली त्यात ही मोजणी आहे, ‘रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना’ हा प्रश्न आहे, आणि थिएटरमधल्या सगळ्यांनी एकमेकांना आपलं नाव सांगणंही आहे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. औषध तेच, सर्जन तेच. यादी वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी याच्याएवढी स्वस्त दोन मिनिटं दुसरी दाखवावीत.

भीतीचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा मीही दवाखाना बंद ठेवला होता. डॉक्टरवर उगारलेल्या हाताचं समर्थन करणारं एक अक्षरही माझ्याकडे नाही, आणि चौकशीआधीच ‘खुनी डॉक्टर’ म्हणून पट्टी फिरवणाऱ्या चॅनेलबद्दल माझ्या मनात फक्त संताप आहे. पण सर, नातेवाईक पेटतो कधी, ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर तो सहा तास उभा असतो. कुणी बाहेर येऊन सांगत नाही. मग एकदम ‘आम्ही शक्य ते सगळं केलं’ म्हणून सांगतात, बिलाचा कागद पुढे येतो, आणि केसपेपर मागितला तर ‘रेकॉर्ड रूम बंद आहे’. तिथे राग येतो. राग तेव्हा चुकीवर नसतो, बंद दारावर असतो.

हे नुसतं माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१पासून ठरवलं की चूक झाली तर रुग्णाला आपणहून सांगायचं, माफी मागायची, भरपाई देऊ करायची. वकिलांनी दाव्यांचा पाऊस पडेल असं बजावलं असणारच. नंतर हिशेब झाला तेव्हा महिन्याला दर १ लाख रुग्णभेटींमागे दाव्यांचं प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर उतरलेलं होतं. आपल्याकडचा कायदाही डॉक्टरचा शत्रू नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की साध्या चुकीसाठी डॉक्टरवर फौजदारी खटला चालणार नाही, निष्काळजीपणा घोर असायला हवा, आणि खटल्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत घ्यायला हवं. भारतीय न्याय संहितेतही निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना तसं घडलं तर दोन.

एक गोष्ट सरांची खरी आहे, ती मी मान्य करते. शिकण्यासाठी लिहिलेल्या आतल्या नोंदीला, मनापासून मागितलेल्या माफीला आपल्या कायद्यात नेमकं संरक्षण नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ सालीच कायदा झाला की रुग्णापाशी व्यक्त केलेली सहानुभूती त्याच डॉक्टरविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची नाही. मग ही मागणी आपण करू या. मंत्रालयावर जायचं तर या कायद्यासाठी जाऊ, मी बॅनर धरायला येते. पण कायदा नाही म्हणून वहीच नको, हे म्हणणं म्हणजे हेल्मेटसक्ती नाही म्हणून डोकं उघडं ठेवण्यासारखं आहे.

चुका उघड केल्या तर लोकांचा विश्वास उडेल, अशीही भीती घातली जाते; तीही तपासून पाहू. जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. चौदा माणसं गेली. ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन ते थेट मंत्रिपदापर्यंत ठपके ठेवले. त्या काळात रोज वर्तमानपत्रांत जे. जे.ची लक्तरं निघत होती. त्यामुळे जे. जे. ओस पडलं का? आज सकाळी भायखळ्याला जाऊन केसपेपरची रांग बघा. गरीब माणूस रुग्णालयाला देव मानत नाही, तो नाइलाजाने आणि आशेने येतो. काय चुकलं ते त्याला सांगितलं तर तो समजून घेतो, एवढी त्याची समज आपण तरी गृहीत धरायला हवी.

स्वतःच्या चुका छापणारा सर्जन होऊन गेला आहे. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करायचा आणि नाही बरा झाला तर का, ते लिहायचं, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या रुग्णालयाने ऐकलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं, आणि १९११ ते १९१६ या काळात घरी पाठवलेल्या ३३७ रुग्णांमध्ये १२३ चुका झाल्याचं स्वतः छापून प्रसिद्ध केलं. सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. आज रुग्णसुरक्षेवर कुठेही काही लिहिलं गेलं की त्यांचं नाव आधी येतं.

‘आपल्याकडे गर्दीत हे जमत नाही’ म्हणणाऱ्यांना तर बॉस्टनला जायची गरज नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पोरं मरत होती. ते त्या पोरांच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, छातीतला आवाज सगळं तासातासाने लिहीत राहिले. कुठल्या औषधाने उपयोग होत नाही, तेही लिहिलं. त्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या आणि पुढे प्राझोसिनचा उपचार त्यातूनच उभा राहिला. गर्दी तिथेही होती.

आणि महाराष्ट्रात मृत्यू मोजायची पद्धत सरकारी पातळीवर आधीच आहे. बाळंतपणात बाई दगावली की माता मृत्यू अन्वेषण होतं: घरातून निघायला उशीर झाला का, गाडी मिळाली का, रुग्णालयात पोचल्यावर रक्त मिळालं का. गुन्हेगार शोधायला नव्हे, पुढची बाई वाचावी म्हणून. २००१-०३मध्ये राज्यात १ लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२०मध्ये ३३. याचं श्रेय एकट्या अन्वेषणाला मी देत नाही, रुग्णालयातली बाळंतपणं वाढली, १०८ची गाडी आली. पण मृत्यूची कारणं मांडल्याने डॉक्टरांनी बाळंतपणं करायची सोडली नाहीत, हे तर दिसतं ना? मग छातीत दुखणाऱ्या बाईला ‘पित्त’ म्हणून घरी पाठवलं आणि ती हार्ट अटॅकने गेली, तर तिच्या मृत्यूला अशी बैठक का नसावी?

‘पित्त’ हा शब्द मी लिहिला आणि इथे थांबले. कारण मूळ सांगायचं होतं ते हेच.

तीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात, पहाटे सहाला, एक बाप आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. ‘बाई, पोरगं रातभर तळमळलंय. पोटात दुखतंय म्हनतं.’ मी पोट तपासलं, मऊ होतं. ताप नाही, जुलाब नाहीत. मुलगा म्हणाला, ‘घशाशी अडकल्यासारखं वाटतंय.’ पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. बाप म्हणाला जागरण झालंय, मलाही तेच वाटलं. केसपेपरवर ‘पित्त’ लिहिलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, पाठवून दिलं. बाहेर तीस पेशंट होते. दहाच्या सुमाराला त्याचा श्वास मंद होत गेला, जीपमध्ये घालून आणताना तो रस्त्यातच गेला. मला हे तीन दिवसांनी कंपाउंडरकडून कळलं.

तो मुलगा भाताच्या खळ्याशेजारी जमिनीवर झोपला होता. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. लक्षणं समोर होती. ‘रात्री कुठे झोपला होतास?’ एवढं विचारलं असतं, तर सर्पविषाची लस आणि गरज पडली असती तर हाताने दाबायची अंबू बॅग, यांच्यावर तो वाचला असता.

मी कुणाला सांगितलं नाही. लाज होती, भीती होती, सरांनी सांगितलेली सगळी कारणं होती. पुढच्या वर्षी भाद्रपदात, अकरा किलोमीटरवरच्या गावातल्या माझ्या सहकाऱ्याकडे पहाटे पोट दुखणारी एक मुलगी आली. त्यांनीही पित्ताचं इंजेक्शन दिलं. तीही गेली. हे त्यांनी मला सांगितलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, बैठकीनंतरच्या चहाला, आवाज खाली करून. तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आधी सांगितलं असतंत तर.’

त्या मुलाच्या मृत्यूला माझं अज्ञान नव्हे, घाई कारण होती, आणि घाईला सर म्हणतात ती क्षमा कदाचित असेल. त्या मुलीच्या मृत्यूत माझा जो वाटा आहे त्याला क्षमा नाही. मी तिला कधी पाहिलंही नाही. मी फक्त गप्प बसले होते. आपण ज्याला व्यवसायाचं संरक्षण म्हणतो ते हेच आहे.

आता आमच्या केसपेपरवर, पावसाळ्यात पोटदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येकासाठी, ‘रात्री कुठे झोपला होतास?’ हा प्रश्न छापलेला आहे. चाळीस पैशांचा कागद आहे.

वाचकांना एक सांगते. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत तुमच्या उपचारांची कागदपत्रं देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती मागा, शांतपणे मागा, माझ्याकडेही मागा.

आणि सर, पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं मला द्या. त्या मुलाचा केसपेपर माझ्या कपाटात अजून आहे. तो मी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. माझ्यानंतर आणखी कुणी उठलं, तर त्यालाही बोलू द्या.